सायकलची नोंदणी आणि रस्ता कर : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलला नंबर असावा का आणि तिच्यावर कर लावावा का, याविषयी नागपुरातील सायकलस्वार, मोटारचालक, पालक आणि दुकानदार आम्हाला सातत्याने प्रश्न पाठवतात. त्यांतील वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कायदा काय सांगतो ते आधी दिले आहे आणि आमचे मत जिथे आले आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे. ते मत असे की, साध्या सायकलची सक्तीची नोंदणी करू नये आणि तिच्यावर वापराचा करही लावू नये. मात्र मोटर बसवलेल्या वाहनांना ही सूट आपोआप मिळू नये.

१. आज नागपुरात सायकल चालवण्यासाठी नोंदणी, परवाना किंवा विमा लागतो का?

नाही. पायडल मारून चालणाऱ्या साध्या सायकलला यांपैकी काहीही लागत नाही. शहरातील एमएच-३१ आणि एमएच-४९ किंवा ग्रामीणचे एमएच-४० यांपैकी कोणत्याही परिवहन कार्यालयात सायकलची नोंद होत नाही, त्यामुळे तिथे चौकशीला जाण्याचीही गरज नाही.

२. सायकल हेही वाहनच आहे. मग तिला मोटार वाहन कायदा का लागू होत नाही?

कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (२८) मधील व्याख्या यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांपुरती आहे. ही शक्ती वाहनाच्या आतली असो वा बाहेरून पुरवलेली असो, ती यांत्रिक असावी लागते आणि माणसाचे पाय या व्याख्येत बसत नाहीत. कलम ३ मधील चालक परवाना, कलम ३९ मधील नोंदणी, कलम १२९ मधील हेल्मेट आणि कलम १४६ मधील विमा या चारही अटी मोटार वाहनालाच जोडलेल्या असल्याने त्या सायकलला लागू होत नाहीत. हेल्मेट घालावे असे आम्ही प्रत्येकाला सांगतो, पण तो सल्ला आहे, कायद्याची सक्ती नाही.

३. पूर्वी सायकलला बिल्ला असायचा, असे वडील सांगतात. ते खरे आहे का?

खरे आहे. देशातील अनेक नगरपालिका दरवर्षी थोडे शुल्क घेऊन सायकलला धातूचा बिल्ला देत असत. बिल्ला नसेल किंवा रात्री दिवा नसेल तर दंड होई आणि डबलसीट जाणाऱ्यांनाही अडवले जाई. ज्येष्ठ मंडळींना या गोष्टी चांगल्या आठवतात. त्या काळी रस्त्यावर सायकलच मुख्य वाहन होते, म्हणून त्या करातून नगरपालिकेच्या हाती काही पडत असे. पुढे स्कूटर आणि मोटारसायकली आल्या, कराचा मोठा ओघ राज्याच्या तिजोरीकडे वळला आणि बिल्ल्याची वसुली करणाऱ्या कारकुनाचा पगार वसुलीतून निघणे कठीण झाले. याच हिशेबाचा आजचा विचार प्रश्न ७ मध्ये केला आहे.

४. उद्या सरकारने किंवा महापालिकेने सायकलवर कर लावायचे ठरवले, तर तसा अधिकार त्यांना आहे का?

आहे, आणि सायकलप्रेमींनी हे लपवू नये. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील ५७ वी नोंद रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांवरील करांविषयी आहे आणि ती वाहने यांत्रिक शक्तीने चालणारी असोत किंवा नसोत, दोन्ही प्रकार तिच्यात येतात. नागपूर महापालिकेला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२७ मध्येही वाहने, नौका आणि प्राणी यांवरील कराची तरतूद आहे. त्यामुळे असा कर संविधानाला धरून नाही, असे म्हणून ही चर्चा संपवता येत नाही. अधिकार असणे आणि तो वापरणे शहाणपणाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे.

५. आम्ही गाडीवाले रोड टॅक्स भरतो, सायकलवाले फुकट रस्ता वापरतात. हा अन्याय नाही का?

आमच्याकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे आणि तो विचारणारे बहुतेक जण प्रामाणिकपणे विचारतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो तो महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ खाली राज्य सरकारने घेतलेला मोटार वाहन कर आहे. खासगी दुचाकीवर तो इंजिनाच्या क्षमतेनुसार किमतीच्या १० ते १२ टक्के असा एकरकमी घेतला जातो. ते रस्त्याचे भाडे नाही. भाडे असते, तर महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला आणि रोज कामठीहून बर्डीला येणाऱ्याला एकच रक्कम भरावी लागली नसती.

दुसरे असे की धरमपेठ, महाल, इतवारी किंवा मानेवाडा येथील ज्या गल्लीबोळांतून सायकल बहुतेक धावते, ते रस्ते मुख्यतः महापालिका मालमत्ता करातून आणि शासनाच्या अनुदानातून सांभाळते. मालमत्ता कर घरमालक भरतो आणि भाडेकरूच्या भाड्यातही तो असतोच. अनुदान राज्याच्या सर्वसाधारण महसुलातून येते आणि त्या महसुलात साबण, चप्पल, मोबाइल रिचार्ज अशा प्रत्येक खरेदीवरचा जीएसटी असतो. सायकल घेतानाही जीएसटी भरावा लागतो. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, पण शून्य झालेला नाही. म्हणजे हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला सायकलने जाणारा कामगार ज्या रस्त्यावरून जातो, त्याच्या खर्चात त्याचाही वाटा आहे.

पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट गाडीवाला भरतो आणि सायकलवाला भरत नाही, हे मान्य आहे. पण तो पेट्रोल जाळत नाही, धूर सोडत नाही आणि एका मोटारीच्या पार्किंगच्या जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात कोणी पायांच्या जोरावर कामाला जात असेल, तर तो रस्ता फुकट वापरतो असे म्हणताना आपण एकदा थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.

६. पण सायकलनेही रस्ता झिजतोच ना?

झिजतो, पण किती, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठी चाचणी झाली आणि तिच्यातून एक ठोकताळा निघाला : रस्त्याची हानी साधारणपणे आसावरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा नियम मुळात जड वाहनांसाठी आहे, त्यामुळे सायकलला लावताना तो अंदाज म्हणूनच घ्यावा. तरीही हिशेब करून पाहा. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरले तर एका आसावर ४५ किलो येतात, आणि १,२०० किलोच्या मोटारीच्या एका आसावर ६०० किलो. हे प्रमाण साधारण १३ पट आहे आणि त्याचा चौथा घात ३१ हजारांच्या वर जातो. म्हणजे मोटारीच्या एका फेरीइतकी हानी करण्यासाठी सायकलला सुमारे ३१ हजार फेऱ्या माराव्या लागतील. मालाने भरलेल्या ट्रकशी तुलना केली, तर सायकलचा वाटा हिशेबात धरण्याइतकाही उरत नाही. रस्ते झिजवण्याच्या प्रमाणात कर घ्यायचा असेल, तर सायकलवरच्या कराची पावती पैशांतही छापता येणार नाही.

७. वर्षाला ५० किंवा १०० रुपये, असे नाममात्र शुल्क घेतले तर काय बिघडते?

शुल्क नाममात्र असले, तरी ते गोळा करण्याचा खर्च नाममात्र राहत नाही. समजा, शहरात एक लाख सायकली नोंदवल्या गेल्या आणि प्रत्येकी ५० रुपये आले, तर ५० लाख रुपये जमा होतील. त्यातून नंबर पाट्या, संगणकातील नोंदी, प्रत्येक झोनमधील खिडकी, तपासणी करणारे कर्मचारी, मालक बदलल्यावर होणारी दुरुस्ती आणि न भरणाऱ्यांना नोटिसा हे सारे भागवावे लागेल. महाराष्ट्रात जुन्या दुचाकींसाठी उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली, तेव्हा एका दुचाकीच्या पाटीची किंमत जीएसटी सोडून ४५० रुपये ठरली आणि ती बसवण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली. तिथे प्रत्येक वाहनाची नोंद आधीपासून होती. सायकलींच्या बाबतीत सुरुवातच शून्यापासून करावी लागेल.

पैशांपेक्षाही माणसांचा विचार आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि ज्या घरात दुसरे कोणतेही वाहन नाही अशा घरात ती चैनीची वस्तू नसते. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना सायकलसाठी अनुदान देते. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर शुल्क मागायचे, हे कोणत्या धोरणात बसते? शाळेत जाणाऱ्या मुलीची सायकल पाटी नाही म्हणून चौकात अडवली गेली, तर त्या दिवशी तिचा पहिला तास बुडेल आणि घरचे पुढच्या वर्षी तिला सायकल देतीलच असे नाही.

८. नंबर नसल्यामुळे सिग्नल तोडणारे, उलट्या बाजूने येणारे सायकलस्वार सापडत नाहीत. यावर उपाय काय?

तक्रार रास्त आहे. व्हरायटी चौकात किंवा मेडिकल चौकात उलट्या बाजूने अचानक समोर येणारी सायकल आम्हालाही धोकादायक वाटते आणि कोणी सायकलवर आहे म्हणून त्याची बाजू आम्ही घेत नाही.

परंतु नोंदणी नाही म्हणजे कायदा नाही, असा अर्थ होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे कोणतेही वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यात मोटारीची अट नाही आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीसाठी नियम करता येतात आणि त्यात सायकल चालवणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चौकातला शिपाई सायकलस्वाराला जागच्या जागी थांबवू शकतो, कारण सायकल वेगाने पळून जात नाही.

नंबर पाटीचा खरा उपयोग कॅमेऱ्यातून चलान पाठवण्यासाठी होतो. सायकलची पाटी चार-पाच इंचांची असणार, करिअरवर डबा किंवा पोते असणार, शिवाय एकच सायकल घरातले तिघे वापरणार. अशा स्थितीत चलान कोणाच्या नावावर निघेल? ज्या मोटारसायकलींना नंबर आहेत, त्याही लाल दिव्याला न जुमानता जाताना आपण रोज पाहतो. उलट्या बाजूने येणारा सायकलस्वार बहुतेक वेळा दुभाजकातील पुढची फट दूर असल्यामुळे तसा येतो. तिथे ओलांडण्याची सुरक्षित जागा करून दिली, तर नियम पाळणे सोपे होईल. २०२१ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाच्या इंडिया सायकल्स फॉर चेंज उपक्रमात देशातून निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होते. तेव्हा सुरू झालेले काम पुढे नेण्यासाठी आग्रह धरणे हे बिल्ले वाटण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, असे आमचे ठाम मत आहे.

९. अपघात झाला तर? माझ्या सायकलची नोंद नाही म्हणून मला भरपाई नाकारली जाईल का?

नाकारता येणार नाही. मोटार वाहनाने सायकलस्वाराला धडक दिली, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि जखमी व्यक्तीच्या सायकलला नंबर असण्याची अट त्यात नाही. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. ही माहिती अनेक कुटुंबांना नसते, म्हणून ती आवर्जून इतरांना सांगावी.

याच्या उलट, सायकलच्या धक्क्याने पायी जाणाऱ्याला इजा झाली, तर सायकलस्वारावर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो (प्रश्न ८ पाहा) आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावाही करता येतो. मात्र सायकलला सक्तीचा विमा नसल्याने वसुली स्वाराकडूनच करावी लागते. नोंदणीच्या बाजूने असलेला हा सर्वांत सबळ मुद्दा आहे, हे आम्ही मान्य करतो. त्यावर स्वित्झर्लंडने काय केले, ते प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

१०. नोंदणी असती तर चोरीला गेलेली सायकल परत मिळाली नसती का?

थोडी मदत झाली असती, पण तेवढी मदत नोंदणीविनाही मिळवता येते. जवळजवळ प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर कारखान्याने कोरलेला नंबर असतो. सायकल उलटी केली की दोन्ही पायडल जिथे जोडलेली असतात, त्या नळीच्या खाली तो बहुतेक वेळा दिसतो. आमच्यापैकी एकाची सायकल बर्डीच्या बाजारातून गेली, तेव्हा पोलिसांनी पहिला प्रश्न या नंबराचाच विचारला आणि त्याच्याकडे तो लिहिलेला नव्हता. तेव्हापासून आम्ही सर्वांना सांगतो की, आजच फ्रेम नंबराचा, संपूर्ण सायकलचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

एक अडचण कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. साध्या सायकलची किंमत अनेकदा या मर्यादेखालीच भरते. सक्तीची नोंदणी केली तरी ही अडचण दूर होणार नाही. बिल जपून ठेवले, तर निदान किमतीचा पुरावा तरी हाती राहतो. शाळा, महाविद्यालय किंवा वसाहत यांनी स्वेच्छेने फ्रेम नंबरांची वही ठेवली, तर आम्ही तिचे स्वागतच करू.

११. परदेशात सायकलची नोंदणी आणि कर असतो ना?

काही ठिकाणी असतो, तर अनेक ठिकाणी तो करून पाहिल्यावर सोडून दिला आहे. जपानमध्ये चोरीला आळा घालण्यासाठी १९९४ पासून नोंदणी बंधनकारक आहे, पण ती दुकानातच लहानशा शुल्कात होते आणि न केल्यास दंड नाही. अमेरिकेत होनोलुलूमध्ये १५ डॉलरचे एकदाच भरायचे शुल्क आहे. ओरेगन राज्य २०१८ पासून २०० डॉलर किंवा त्याहून महाग नव्या सायकलवर १५ डॉलर घेते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानदाराने विकलेल्या नव्या सायकलवर ओळखक्रमांक असावा लागतो, पण वापरावर कर नाही.

सोडून देणाऱ्यांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. कॅनडातील टोरांटोने १९३५ मध्ये सुरू केलेले सायकल परवाने १९५७ मध्ये बंद केले. लहान मुले नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोलिसांशी त्यांचे संबंध बिघडतात, हे त्यामागचे एक कारण होते. स्वित्झर्लंडमध्ये सायकलला दरवर्षी लावायची चिकटपट्टी म्हणजे मुळात इतरांच्या नुकसानीसाठीचा विमा होता. बहुतेक नागरिकांकडे असा व्यक्तिगत विमा आधीच असल्यामुळे २०१२ पासून ती पट्टी रद्द झाली. नेदरलँड्समध्ये १९२४ ते १९४१ सायकल कर होता आणि तो भरल्याची धातूची पट्टी सायकलला लावावी लागे. बेरोजगारांना ती मोफत मिळे, पण तिच्या मधोमध भोक पाडलेले असे, म्हणजे चालवणारा बेकार आहे हे रस्त्यावर प्रत्येकाला दिसे. गरिबाला करातून सूट देण्याचा सुचवला जाणारा मार्ग प्रत्यक्षात कसा उतरतो, हे त्या भोकावरून समजते.

१२. इलेक्ट्रिक सायकलला नंबर लागतो का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २ (यू) मधील अटी पाळल्या असतील, तर लागत नाही. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, मोटरची मदत वेग ताशी २५ किलोमीटर होईपर्यंत कमी होत जाऊन थांबावी, पायडल मारणे थांबवताच मोटरही थांबावी, बॅटरी सोडून वजन ६० किलोंपेक्षा जास्त नसावे, योग्य ब्रेक असावेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा. दुकानदाराने नंतर वेगाची मर्यादा काढून दिली, तर ती सूट संपते आणि तेच वाहन नोंदणी, परवाना व विमा नसलेले मोटार वाहन ठरते. ही सूट योग्य आहे आणि तिचा गैरफायदा घेणाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे आम्हाला वाटते, कारण त्यांच्यामुळेच साध्या सायकललाही नंबर लावा, अशी मागणी जोर धरते.

१३. जुन्या सायकलला पेट्रोलचे इंजिन बसवले तर?

चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल, तर ते व्याख्येनुसार मोटार वाहन नाही. त्याहून मोठे इंजिन बसवले, की ते मोटार वाहन होते आणि अशा घरगुती जुळणीला नोंदणी मिळणे जवळपास अशक्य असते. सायकलचे ब्रेक आणि फ्रेम त्या वेगासाठी बनवलेले नसतात. म्हणून कायदेशीर असो वा नसो, हा प्रयोग करू नये.

१४. सायकल रिक्षा, मालाची तीनचाकी आणि सायकलने डिलिव्हरी करणारे यांचे काय?

भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या सायकल रिक्षाला अनेक शहरांच्या महापालिका परवाना देत आल्या आहेत आणि व्यवसायाचे नियमन म्हणून ते समजण्याजोगे आहे. तरीही परवान्याची व्यवस्था कशी बिघडते, हे दिल्लीत दिसले. तिथे परवान्यांवर ९९ हजारांची मर्यादा होती आणि २०१० मध्ये मानुषी संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा मात्र मोटार वाहन आहे आणि तिला नोंदणी लागतेच. जेवण किंवा पार्सल पोहोचवण्यासाठी साधी सायकल वापरणाऱ्याला परिवहन कार्यालयाचा परवाना लागत नाही.

१५. कर नाही, नोंदणी नाही, मग सायकल कुठल्याही रस्त्यावर नेता येते का?

नाही. शिवमडक्यापासून सुरू होणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सायकलला आणि मोटारसायकललाही प्रवेश नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम १३८ (१अ) विनामोटर वाहने आणि पादचारी यांच्या महामार्गांवरील वावराबद्दल नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. नोंदणीची चर्चा भविष्यात याच कलमाच्या आडून पुन्हा येऊ शकते, म्हणून मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती नोंदवण्याकडे लक्ष ठेवावे.

१६. चौकात किंवा वस्तीत कोणी सायकल नोंदणीच्या नावाने पैसे मागितले तर काय करावे?

देऊ नयेत. संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही, आणि साध्या सायकलच्या नोंदणीसाठी आज असा आधार नाही (प्रश्न १ पाहा). मागणाऱ्याचे नाव, पद आणि कोणत्या कलमाखाली रक्कम मागितली जात आहे, हे शांतपणे विचारावे आणि छापील पावती मागावी. तरीही आग्रह झाला, तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल पोलिसांनी थांबवले असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे आणि तिथे प्रश्न ८ मधील उत्तर लागू होते.